न उगवलेली मिरची

आमच्या वन्संना कुणी म्हटलं, "बाई, तुमच्या हाताला यश आहे," की त्या फटकन सांगायच्या, "हाताला नाही, कमरेला आहे. दिवसभर वाकून बघा एकदा, तुम्हालाही येईल." ऐकणारा हसायचा, वन्संही हसायच्या. पण मी त्यांना उभा जन्म ओळखते. मनातून त्यांना ते यश हातातच आहे असं वाटायचं, आणि जो तो तेच बोलायला लागल्यावर त्यांनी ते पुरतं खरं मानलं. पुढचा सगळा घोळ त्यातून झाला.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. माझ्याहून वयाने लहान, तरी लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला. त्यामुळे आमची भांडणंही मोठी अदबीची होतात. "वहिनी, तुम्हाला काडीची अक्कल नाही," असं त्या मला सांगत असतात तेव्हा लांबून बघणाऱ्याला वाटावं, सत्कार चाललाय.

धंदा त्यांचा रोपांचा. मिरची, टोमॅटो, वांगी, कांदा, कोबी, बीट यांचं बी ट्रेमध्ये टाकायचं आणि रोप बोटभर झालं की मळेवाल्यांना द्यायचं. घराच्या मागच्या दाराबाहेर हिरव्या जाळीचा लांबलचक मांडव, मांडवात कमरेएवढ्या उंच लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर काळे प्लास्टिकचे ट्रे. ट्रेला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे, कप्प्यात नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि एका कप्प्यात एक बी. कोपऱ्यात विहीर, विहिरीवर पंप, पंपाला झारीच्या तोंडाचा पाइप. हा सगळा पसारा वन्संनी एकटीने उभा केला. नवरा ऐन चाळिशीत गेला तेव्हा त्यांचा भाऊ, म्हणजे माझा नवरा, त्यांना म्हणाला, "आमच्याकडे ये राहायला."

"तिथे येऊन काय करू? वहिनींच्या चुका काढू?" वन्संनी विचारलं. मी तिथेच उभी होते.

पुढच्या महिन्यात त्यांनी नवऱ्याचा जुना शर्ट अंगात चढवला, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि परसात ट्रे मांडले. तो शर्ट विरला तेव्हा बाजारातून दुसरा पुरुषी शर्टच आणला. "खिसे लागतात," म्हणाल्या. खिशात बियांची पाकिटं, सुतळी, कात्री आणि अर्धवट खाल्लेलं बिस्किट असायचं. बी टाकताना त्यांना बघत बसावं. करंगळी टेकवून भुशात खड्डा, अंगठ्याने बी आत, वर चिमूटभर भुसा, की पुढचा कप्पा. तोंडाने शेजारणीशी भांडण चालू, नजर भलतीकडे, आणि बोटं आपली चाललेली. ट्रे उगवून आला की त्यात एक कप्पा रिकामा सापडायचा नाही. मळेवाले दुसरीकडची रोपं सोडून त्यांच्याकडे यायचे ते उगाच नव्हे.

गेल्या उन्हाळ्यात विहीर आटत आली आणि त्याच सुमारास वन्संच्या गुडघ्याने दगा दिला. वन्संनी आधी विहिरीचं बघितलं. खणणारा माणूस काठावर उभा राहून म्हणाला, "बाई, आणखी खाली गेलो तर पाणी लागेल. पण कसलं लागेल ते मी नाही सांगत. खाडी इथून लांब नाही."

"पाण्यात काय कसलं नि कसलं? ओलं असलं म्हणजे झालं," वन्सं म्हणाल्या.

विहीर खोल झाली. पाणी असं लागलं की पंप दिवसभर चालवला तरी हटेना. त्या खुशीत वन्सं इस्पितळात गेल्या आणि गुडघा बदलून घरी आल्या. डॉक्टरांनी बजावलं, काही महिने वाकायचं नाही, फार वेळ उभं राहायचं नाही, ओझं तर नाहीच नाही. त्यांच्याजवळ राहायला मी गेले. माझा नवरा आता नाही, मुलं आपापल्या घरी, मला कुठेही राहता येतं.

मांडव सुनेकडे आला. वन्संच्या एकुलत्या एका मुलाची बायको. लग्नाआधी ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू चिमट्याने बसवायची. अशा बोटांना मिरचीचं बी म्हणजे काय! मी तिच्या मागे उभी राहून बघितलंय. वन्संइतकी झपाझप नाही, पण एकसारखी. बोलायची कमी. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्या विषयावर घरात कुणी बोलत नसे, आणि बोलत नसल्याचं सगळ्यांना ऐकू येत असे.

मुलगा वायरमन. स्वभावाने गरीब, पण घरात दोन बायकांचा आवाज चढला की ह्याला लगेच गावात कुणाचा तरी फ्यूज उडाल्याचं आठवायचं.

वन्सं मागच्या दारात खुर्ची टाकायच्या, पाय स्टुलावर ठेवायच्या आणि तिथून हुकूम सोडायच्या. "अगं, त्या कडेच्या रांगेला दे. आणखी दे. पाणी घालतेस की डोळ्यांत औषध?" सून निमूट आणखी द्यायची. नव्या विहिरीला तोटा नव्हता.

टोमॅटो उगवला, पण एक आज तर एक चार दिवसांनी, आणि उगवलेलाही खुजाच राहिला. कांदा जेमतेम आला. मिरची आलीच नाही. मिरची मुळातच सुस्त, तिला वेळ लागतो, म्हणून आधी कुणी काळजी केली नाही. मग करायला लागलो. सून सकाळी उठल्याबरोबर मांडवात जायची, ट्रेवर वाकून कप्पे बघायची आणि परत येऊन काही न बोलता चहा टाकायची. आम्ही तिच्या पाठीकडे बघून काय ते समजायचो.

बीट मात्र दणकून आलं. लालचुटुक देठ, तरारलेली पानं. सगळा गोंधळ त्या बिटाने केला.

"भुसा वाईट, हवा वाईट, असं काही असतं तर बीट आलं असतं का?" वन्संनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, पण त्या वेळी मला त्यातलं काही सुचलं नाही.

एक दिवस वन्संनी मिरचीचा ट्रे मांडीवर मागवला आणि एक कप्पा नखाने उकरला. बी निघालं ते कुजलेलं नव्हतं. फुगलेलंही नव्हतं. पाकिटात असतं तसंच, चपटं आणि कडक. इतके दिवस ओल्या भुशात राहून!

"हे बघा, वहिनी. नुसतं झोपलंय. ह्याला कुणी उठवलंच नाही." मग सुनेला म्हणाल्या, "खोल टाकलंस."

"नाही आई, तुम्ही दाखवलंत तेवढंच टाकलं."

"मग दाबलं असशील."

"नाही दाबलं."

"मग तूच सांग काय केलंस ते."

ह्यावर ती बिचारी काय सांगणार? नवं पाकीट फोडून पुन्हा पेरलं. पुन्हा तेच. सून घरात अंग चोरून वावरायला लागली. एकदा धुणं धुताना म्हणाली, "आई, हल्ली साबणाला फेसच येत नाही."

"फेस यायला घासावं लागतं," वन्सं म्हणाल्या. टोमणा चांगला होता, म्हणून त्याच्याखाली ती तक्रार दबून गेली.

वन्संचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, मिरचीचा मोठा मळेवाला. माणूस मनाचा साफ, पण आवाज असा की कानात सांगितलेलं गल्लीच्या टोकाला कळावं. सगळे त्याला भोंगा म्हणायचे, त्याच्या तोंडावरसुद्धा. तो आपल्या रोपांची चौकशी करायला आला, तेव्हा वन्सं खुर्चीत होत्या, मी शेजारी, आणि सून मांडवात पाइप धरून उभी होती. भोंग्याने मिरचीच्या मांडणीवरून नजर फिरवली. सगळे ट्रे काळे, कुठे हिरवा ठिपका नाही.

"अरेच्चा! बाई, तुमचा हात गेला की हो!"

"माझा हात कुठे जात नाही," वन्सं ताडकन म्हणाल्या. "तो हा इथे मांडीवर आहे. मांडवात आहे तो हिचा. आणि हिच्या हातून काही उगवतच नाही."

भोंगा पहिल्यांदा गप्प झालेला बघितला मी. पाइपातलं पाणी एकाच ट्रेवर पडत राहिलं. वन्संच्याही लक्षात आलं आपण काय बोललो ते, त्यांचा चेहरा मी बघत होते. आलं तरी त्यांनी पुढे एक शब्द जोडला नाही. सुनेने पंप बंद केला, पाइप गुंडाळून खुंटीला अडकवला, हात धुतले, आणि दिवस मावळायच्या आत बॅग भरून आईकडे निघून गेली.

मुलगा तिला सोडून आला. वन्संनी त्याला वाढलं, मग विचारलं, "काही बोलली का?"

तो मान खाली घालून जेवत होता. "विचारत होती की हात डॉक्टरला दाखवता येतो का."

वन्सं उठून आत गेल्या. मी मागोमाग गेले. "वन्सं, बोललात ते फार वाईट बोललात."

"मी मिरचीचं बोलले."

"कशाचं बोललात ते भोंग्यालासुद्धा कळलं."

"मग काय करू म्हणता? पाय धरू तिचे? वाकत नाही गुडघा माझा."

दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी एकच धोशा लावला. बी त्या स्वतः टाकणार. त्यांच्या हाताने उगवतं की नाही ते आम्ही सगळ्यांनी बघावं, म्हणजे तोंडं बंद होतील. मुलाने टेबल खुर्चीपाशी सरकवलं, त्यावर चार ट्रे मांडले. बी मात्र वन्संनी थेट टाकलं नाही. त्यांची जुनी रीत अशी, की बी खास असलं, हातचं जाऊ नये असं वाटलं, तर आधी ते भिजवायचं. फडक्यात सैल पुरचुंडी बांधून वाटीत ठेवायची, वाटी शेगडीच्या मागच्या फळीवर उबेला, आणि पाणी रोज बदलायचं. बियाला तोंड फुटलं की मग ट्रेमध्ये. चार ट्रेंपुरतं असं करता येतं, मांडवभर नाही, म्हणून सुनेला ते कधी शिकवलंच नव्हतं.

तोंड फुटलं. बी ट्रेमध्ये गेलं, ट्रे स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिले, वन्सं खुर्चीतून हात लांब करून पेल्याने पाणी शिंपडायच्या. आणि एका सकाळी कप्प्याकप्प्यातून मिरचीच्या पांढुरक्या माना वर आल्या, वाकड्या, डोक्यावर बियाची टोपी घेऊन. वन्संनी शेजारणीला हाक मारून आणलं. मुलाला कामावरून फोन करून बोलावलं.

"बघा! तेच पाकीट, तोच भुसा, तोच ट्रे. फरक कशाचा? सांगा ना कुणीतरी."

शेजारीण सुस्कारा टाकून म्हणाली, "असतं बाई एकेकीचं नशीब." मुलगा खिडकीत उभा राहून त्या रोपांकडे बघत राहिला. त्याने फ्यूजचं नावसुद्धा काढलं नाही. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. बायकोला काय जाऊन सांगणार होता तो? आता तर पुरावाच झाला होता.

मी चहा करायला वळले. ओट्यावर पिण्याच्या पाण्याची कळशी असते, तिच्यातून आधण घेतलं, आणि माझ्यामागून वन्संनी त्याच कळशीत पेला बुडवून ट्रेवर शिंपडला.

"वन्सं, हे कुठलं पाणी?"

"कुठलं म्हणजे? नळाचं. पिण्याचं."

"आणि पुरचुंडीला?"

"तेच. आता गुडघा घेऊन विहिरीवर जाऊ का मी?"

"सून कुठलं घालत होती?"

"विहिरीचं. मांडवाला काय पिण्याचं पाणी घालतात? वहिनी, तुम्ही आधी चहा घ्या."

चहा राहिला बाजूला. मी दोन सारखी पातेली घेतली. एकात नळाचं पाणी, एकात तेवढंच विहिरीचं, आणि दोन्ही शेगडीवर चढवून पार आटवली. वन्सं खुर्चीतून बघत होत्या, पण काय चाललंय ते विचारत नव्हत्या. नळाच्या पातेल्याच्या तळाशी नुसता धुरकट डाग राहिला. विहिरीच्या पातेल्याला आतून चांगली पांढरी खपली धरली. नखाने खरवडून मी जिभेवर ठेवली. खारट, मागून कडू. पातेलं वन्संपुढे धरलं.

"नीट घासलेलं नसेल," त्या म्हणाल्या.

"मीच घासलंय सकाळी."

"म्हणूनच म्हणते."

मग मी बसून सगळं सांगितलं, आणि जरा रागातच सांगितलं. बी उगवतं म्हणजे सगळ्यात आधी ते पाणी पितं. पाण्यात मीठ असलं की मीठ ते पाणी धरून ठेवतं, बियाला ओढता येत नाही. भोवती सगळी ओल आणि आत बी तहानेलं, म्हणून ते फुगत नाही की कुजत नाही. त्यातून एखादं उगवलंच तर त्याच्या कोवळ्या मुळाची तीच गत. वरून ऊन पाणी उडवून नेतं, मीठ कप्प्यातच राहतं. दुसऱ्या दिवशीच्या पाण्याबरोबर नवं मीठ येतं. जितकं जास्त पाणी, तितकं जास्त मीठ. "आणि तुम्ही इथे बसून 'आणखी दे, आणखी दे' म्हणत होतात," मी म्हटलं.

"मग बीट?"

"बीट मूळचं समुद्रकाठचं. त्याला खारं चालतं. मिरचीला नाही चालत, कांद्याला नाही चालत. साबणालाही चालत नाही, तिने सांगितलं होतं तुम्हाला."

वन्संनी शर्टाच्या खिशात हात घातले. मला वाटलं, आता रडतील किंवा मला हाकलून देतील. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"वहिनी, तुमचं शिक्षण झालंय. मला एवढं सांगा. दोष सुनेच्या हाताचा असला तर मी काय करीन? गुडघा बरा होऊ देईन आणि पुन्हा स्वतः मांडवात उतरेन. चालेल माझं. दोष विहिरीचा असला तर काय करू?"

नळ सकाळी थोडा वेळ येतो. घराला पुरतो, मांडवाला पुरायचा नाही.

"म्हणून सुनेला दोषी ठरवायचं?"

"मी काही ठरवत नाही. तुम्हीही मला ठरवायला लावू नका." आणि मुलाला हाक मारून त्यांनी ते चार ट्रे मांडवात नेऊन ठेवायला लावले, जाळीच्या उन्हात. त्याला बजावलं, "पाइपाने पाणी घाल. सगळ्यांना घालतोस तसं."

आठवडाभरात मिरचीच्या पानांच्या कडा करपल्या. इस्त्री लागावी तशा, तांबूस आणि कुरकुरीत. वन्संनी काठी टेकत जाऊन एक रोप उपटून बघितलं. भुसा पोखरून पांढऱ्या मुळ्यांचं जाळं व्हायला हवं होतं, तिथे तपकिरी रंगाचा एक आखूड दोरा लोंबत होता. त्यांनी ते रोप खिशात टाकलं आणि आत आल्या. जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणून माझ्यावर डाफरल्या. भाजी त्यांनीच केली होती.

त्यानंतरच्या एका सकाळी मला नळाच्या आवाजाने जाग आली. बघते तर वन्सं एका हातात काठी, एका हातात चहाची मोठी किटली घेऊन मागच्या दाराकडे चाललेल्या. किटली काठोकाठ भरलेली, पावलागणिक सांडत होती. मांडवात जाऊन त्यांनी ते पाणी मिरचीच्या ट्रेवर ओतलं. धारेने, भरपूर, खालून निथळेपर्यंत, म्हणजे कप्प्यातलं मीठ धुऊन निघावं. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. परत आल्या तेव्हा मी दारात उभी.

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय मला," त्या म्हणाल्या.

"किटली घेऊन?"

त्या नळाशी गेल्या आणि किटली पुन्हा भरायला लावली. मी घ्यायला गेले तर हात झटकला.

हे रोज चाललं. माझा संताप संताप व्हायचा. ह्या बाईला सगळं कळलेलं आहे, दुखऱ्या पायाने रोज ती ते कबूल करते आहे, आणि तोंडाने मात्र चकार शब्द नाही. तिकडे सून आपले हात निरखत बसलेली असणार. मी दोनदा बोलून बघितलं. एकदा म्हणाल्या, "रोपं जगू देत." दुसऱ्यांदा म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही परत कधी जाणार आहात?"

ते चार ट्रे जगले. पहिली पानं गळाली, वर नवी आली ती धडधाकट आली. भोंगा टेम्पो घेऊन आला, चालू टेम्पोतूनच त्याने हिरवी मिरची बघितली आणि ओरडला, "वा! ह्याला म्हणतात हात! सुनेला माहेरी पाठवलंत ते बरं केलंत, बाई. काय करणार, एकेकीला देवानेच दिलेलं नसतं!"

बिचारा समजूत घालत होता. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

वन्सं काठीवर जोर देऊन उभ्या राहिल्या. "आधी ते इंजिन बंद करा."

त्याने केलं.

"आता ऐका, आणि गावभर सांगा, तुम्हाला जमतं ते. माझ्या विहिरीचं पाणी खारट झालंय. मीच खोल करायला लावली, खणणारा नको म्हणत होता. मिरची पाण्याने मेली. सुनेने बी टाकलं होतं ते बरोबर टाकलं होतं. ही जी हिरवी दिसतायत ना, ती नळाच्या पाण्यावर आहेत, किटलीने वाढवलेली. एवढी घेऊन जा. पुढची माझ्याकडे मागू नका, माझ्याकडे पाणी नाही."

"अहो, पण पाऊस झाला की..."

"झाला की बघू. तोवर काय देऊ तुम्हाला, मिठागर?"

भोंगा खाली उतरून, जमेल तितक्या हळू म्हणाला, "बाई, गिऱ्हाईकाला असं सांगतं का कुणी?"

"मी तरी आजवर कुठे सांगितलं होतं?"

त्याने ट्रे नेले, आणि सांगितलेलं काम चोख केलं. चार दिवसांत मळेवाल्यांचे फोन आले. कुणी कांदा दुसरीकडे बघतो म्हणाला, कुणी नुसतंच तब्येतीचं विचारून फोन ठेवला. वन्संनी मांडण्यांवरचे ट्रे उपडे करून भुसा परसात ओतायला लावला. खणणारा येऊन विहिरीत डोकावून गेला. तळ पुन्हा बुजवून बघता येईल म्हणाला, पण पाणी गोडं होईलच असं नाही. वन्सं म्हणाल्या, राहू दे. शर्ट त्यांनी अंगावरून उतरवला नाही, पण खिसे रिकामे लोंबायचे.

मुलाने बायकोला सगळं कळवलं होतंच. तो म्हणाला, "ती कामाला लागलीय. टेकडीवरच्या नर्सरीत."

"बी टाकायला?" वन्संनी एकदम विचारलं.

"नाही. पाणी घालते, ट्रे उचलते. बी टाकायचं काम नको म्हणून सांगितलंय तिने."

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं मुलाला म्हणाल्या, "गाडी काढ. वहिनी, तुम्हीही चला. मी काही चुकीचं बोलायला लागले तर चिमटा काढा."

टेकडीवरचे मांडव वन्संच्या मांडवाच्या चौपट होते. उतरल्याबरोबर वन्सं आधी दाराशी असलेल्या नळाकडे गेल्या, ओंजळीत पाणी घेऊन प्यायल्या, तोंडात घोळवलं, पुन्हा प्यायल्या. मग आत. सून लांबच्या रांगेला पाणी घालत होती. आम्हाला तिने बघितलं, पण पाइप बंद केला नाही. रांग संपवायची होती. वन्सं उभ्या राहिल्या, आणि त्यांना उभं राहवत नाही हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. रांग संपल्यावर सुनेने पाइप खाली केला.

"पाणी खारट होतं," वन्सं म्हणाल्या. "तुझं काही चुकलं नव्हतं."

"कळलं, आई. गावाला कळलं तेव्हाच कळलं."

"घरी चल."

"घरी येईन. कधी ते आत्ता नाही सांगत."

"आणि बी का टाकत नाहीस? इथलं पाणी चांगलं आहे. मी प्यायले आत्ता."

सुनेने ट्रेकडे बघितलं. "इथल्या बाई रोज म्हणतात, बस टाकायला. हात पुढे होत नाही माझा. नाही उगवलं तर?"

"उगवेल."

"तुम्हाला काय माहीत?" ती पहिल्यांदा वन्संच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "तुम्ही बोललात ते मिरचीचं नव्हतं."

मी चिमटा काढायच्या तयारीत होते. वन्संनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"नव्हतं," त्या म्हणाल्या.

सुनेचे डोळे भरले, पण ती पुसायला थांबली नाही. पाइप उचलून पुढच्या रांगेकडे वळली. पाइप लांब होता, मांडणीच्या पायाला अडकून त्याला पीळ पडला आणि धार बारीक झाली. वन्सं काठी टेकत गेल्या, एका हाताने मांडणी धरली, आणि डॉक्टरांनी बजावलेलं सगळं विसरून वाकल्या. पीळ सोडवला. धार पुन्हा मोठी झाली. सून पुढे सरकली, वन्सं पाइप हातात धरून तिच्यामागे, तो जमिनीला अडू नये म्हणून जरासा उचलून.

"वन्सं, गुडघा," मी म्हटलं.

दोघींपैकी एकीनेही माझ्याकडे बघितलं नाही.